आंरी म्वासाँ आणि हट्टी फ्लोरीन

आंरी म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीस, आई शिवणकाम करणारी. अंतिम प्रमाणपत्र हाती न येताच त्यांची शाळा सुटली आणि ते एका औषधालयात उमेदवारी करू लागले. पुढे एदमाँ फ्रेमी यांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राने त्यांना जे धरले, ते अखेरपर्यंत.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन या एका कुळातील मूलद्रव्यांचा प्रत्येकी एक अणू हायड्रोजनच्या एका अणूशी संयोग पावतो. या संयुगांना हायड्रोजन हॅलाइडे म्हणतात. पाण्यात विरघळताच ती आम्ले होतात, आणि त्यांपैकी तिघे तीव्र आम्ले आहेत. चौथे भावंड, हायड्रोजन फ्लोराइड, मात्र निराळे. त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंश सेल्सिअसला उकळते, तर हे १९.५ अंशाला. पाण्यातील त्याच्या आम्लाची गणना सौम्य आम्लांत होते. हा शब्द भुलवणारा आहे, कारण हेच आम्ल काच खाते आणि त्वचेतून शिरून हाडापर्यंत इजा करते.

त्यातून फ्लोरीन मोकळा करू पाहताना बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस प्राणास मुकले होते. हे ठाऊक असूनही म्वासाँ त्या वाटेस गेले. काच निरुपयोगी, म्हणून त्यांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची प्लॅटिनमची नळी घेतली, तिला फ्लुओराइट खनिजाची बुचे बसवली, ती शून्याच्या बरीच खाली थंड केली आणि आतील निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज सोडली. २६ जून १८८६ रोजी धनाग्रापाशी निघालेल्या वायूत सिलिकॉन आपोआप पेटला. फ्लोरीन हाती आला होता.

विज्ञान अकादमीने खात्रीसाठी तीन परीक्षक पाठवले. त्यांत फ्रेमीही होते. त्यांच्यासमोर फ्लोरीनचा एक बुडबुडाही आला नाही! मान्यवर येणार म्हणून म्वासाँ यांनी आम्ल नेहमीपेक्षा अधिक शुद्ध केले होते. शुद्ध, निर्जल हायड्रोजन फ्लोराइड वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. आधी ती वाहत होती ती पोटॅशियमच्या क्षाराचा अंश त्यात राहिल्यामुळे. कारण उमगताच त्यांनी तो क्षार मुद्दाम मिसळला आणि प्रयोग साधला.

फ्लोरीन वेगळा केल्याबद्दल आणि विजेच्या भट्टीबद्दल त्यांना १९०६चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच आठवड्यांनी, २० फेब्रुवारी १९०७ रोजी, आंत्रपुच्छाच्या विकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५४.