कोंडवाड्याची किल्ली : कॅरोलाइन अर्ल व्हाइट

कोंडवाडा हा शब्द खेड्यापाड्यांतून कोणास ठाऊक नाही? चुकार ढोर परक्याच्या शेतात शिरले की त्याची रवानगी तिकडे. दंड भरला की सुटका. पण धनी आलाच नाही तर? आतल्या मुक्या जीवाला वैरण कोण घालतो, पाणी कोण दाखवतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दाराला कडी लागली की आपले काम संपले, असे गावाला वाटते. अशाच एका दाराची किल्ली जिने आपण होऊन मागून घेतली, त्या बाईचे चरित्र आज सांगावयाचे आहे.

कॅरोलाइन अर्ल व्हाइट यांचा जन्म १८३३ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. वडील टॉमस अर्ल हे वकील आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. काळ्या लोकांनाही मताचा हक्क हवा, असे त्यांनी भर सभेत मांडले आणि त्यापायी राजकारणातला आपला उत्कर्ष घालविला. १८४० साली गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले होते. माणसाच्या पायातली बेडी ज्या घरात डोळ्यांत सलत होती, त्या घरातल्या मुलीला जनावराच्या गळ्यातला फास दिसायला कितीसा वेळ लागणार? घराजवळच्या रस्त्याने ओझी ओढणाऱ्या जनावरांना हाकणारे बेदम मारीत. ते पाहवत नाही म्हणून ती मुलगी तो रस्ताच टाळी.

पण रस्ता टाळल्याने मार थोडाच थांबतो! मोठेपणी हे त्यांना उमगले. १८६६ साली न्यूयॉर्क येथे हेन्री बर्ग या गृहस्थांनी प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी संस्था काढली. बाई त्यांना भेटल्या, विचार घेऊन गावी परतल्या, आणि दारोदार हिंडून प्रतिष्ठितांच्या सह्या गोळा केल्या. १८६७ साली पेन्सिल्व्हेनियाची संस्था उभी राहिली. आता गंमत पाहा. जिने पाया खणला, तिलाच कारभारी मंडळात जागा नाही! कारण काय, तर ती बाई. मंडळावर घेतले ते तिच्या यजमानांना. दुसरी एखादी रुसून घरी बसली असती. कॅरोलाइनबाईंनी १८६९ साली स्त्रियांची निराळी शाखा काढली, आणि अध्यक्षपद स्वतः सांभाळले.

या शाखेने हात घातला तो नेमका जिथे कोणी पाहत नव्हते तिथे, म्हणजे शहराच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यात. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय त्या काळी फार. पाश्चर यांची लस माणसाला प्रथम टोचली गेली ती १८८५ साली. त्यापूर्वी उपाय असा नव्हताच. तेव्हा भटकी कुत्री गळ्यात फास टाकून धरावीत, फरफटत न्यावीत, आणि धनी न आला तर निर्दयपणे मारावीत, ही रीत. शहराची स्वच्छता म्हणून तिचा खर्च नागरिकांच्या करातूनच होई. भिंतीआड चाललेल्या या पापात प्रत्येकाचा वाटा होता, पण कोणालाच ते आपले वाटत नव्हते.

बाईंनी नुसती निंदा केली नाही. हे काम आमच्याकडे द्या, असे त्यांनी शहराच्या कारभाऱ्यांना सांगितले आणि ते मिळविले. चुकलेल्या, जखमी, बेवारशी जीवांसाठी तेथे आश्रयस्थान झाले. अमेरिकेतले अशा तऱ्हेचे पहिले म्हणून ते गणले जाते. जनावरांना खाणेपिणे मिळू लागले, धन्याची वाट पाहिली जाऊ लागली, कुणाकुणाला नवे घर लाभले.

मग कसोटी आली. वेअर मिचेल हे नामांकित डॉक्टर. शरीरशास्त्राच्या प्रयोगांसाठी त्यांनी आश्रयस्थानातली कुत्री मागितली. मागणारा थोर, कारण विद्येचे, आणि कुत्री तर कुणाचीच नव्हेत. बाईंनी साफ नकार दिला. आश्रय म्हणून जिथे जीव आणला, तिथूनच त्याला सुरीखाली धाडणे हा त्यांच्या मते विश्वासघात होता. पुढे १८८३ साली जिवंत प्राणी चिरण्याविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय संस्थाच स्थापन केली.

आता एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. या आश्रयस्थानातही कुत्री मारली जात. ज्यांना कोणी नेले नाही, त्यांना जागा पुरेना. फास आणि मारझोड बंद झाली, त्याऐवजी वायूने मरण आले, शक्य तितके कमी यातनेचे. कोणी म्हणेल, मग दया ती कसली? प्रश्न रास्त आहे. पण बाहेर उभे राहून हात स्वच्छ ठेवणे सोपे असते हो! किल्ली घेणाऱ्याच्या वाट्याला आतले दुःखही येते. तो भार त्यांनी दुसऱ्यावर ढकलला नाही.

७ सप्टेंबर १९१६ रोजी, ८२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आजही अमेरिकेतल्या कित्येक सार्वजनिक कोंडवाड्यांत दाटी होते आणि जागेअभावी धडधाकट जीव मारले जातात. भिंत आहे तेथे विसर पडतोच. म्हणून वाचकहो, आपल्या गावातही असे एखादे कडी घातलेले दार असेल, तर जाता जाता क्षणभर थांबावे, आणि आत पाणी ठेवले आहे की नाही, एवढे तरी डोकावून पाहावे. कॅरोलाइनबाईंच्या कामाचा आरंभही असा, पूर्वी टाळलेल्या रस्त्याकडे परत वळण्यातूनच झाला होता.