कर्नल सी. के. नायडू : एक निराळी साक्षरता

परीक्षेचा निकाल लागला, की महाविद्यालयाच्या फळ्यासमोर गर्दी होते. कोणाचा चेहरा उजळतो, कोणी मुकाट्याने मागच्या दाराने निघून जातो. त्या एका कागदावरून आपण कोण हुशार आणि कोण ‘ढ’ हे ठरवून मोकळे होतो. मागच्या दाराने गेलेला तो मुलगा संध्याकाळी मैदानावर अकरा जणांना कसे सांभाळतो, वाऱ्याची दिशा पाहून चेंडू कसा टाकतो, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते. मग ती त्याची बुद्धी नव्हे काय? या प्रश्नाचा विचार करताना आपल्या इंदूर शहराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, अशा एका पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे येते. तो पुरुष म्हणजे कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू, अर्थात सर्वांचे सी. के.

सी. के. यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे आंध्रातले, पण नागपुरात स्थिरावलेले आणि संपन्न. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातील नामांकित वकील व काँग्रेसच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. वडील सूर्यप्रकाशराव हे केंब्रिजला शिकलेले बॅरिस्टर, आणि तेथे ते रणजितसिंहजींच्या सहवासात आलेले. म्हणजे ज्या घरात कायद्याची पुस्तके होती, त्याच घरात बॅटही होती. एकीसाठी दुसरीचा त्याग करावा, असे त्या घराला वाटले नाही. छोटे सी. के. नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स आणि पुढे हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत शिकले. शाळेच्या संघात ते अगदी लहान वयात आले आणि तेथेच त्यांच्या दुसऱ्या शिक्षणाला आरंभ झाला.

येथे एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. सी. के. नऊ वर्षांचे असताना, 1905 साली, पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या दोघांनी मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली व्यवस्थित चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच मदत मिळावी, हा त्यांचा हेतू. पुढे जगाने त्या चाचणीतून बुद्ध्यंक काढला आणि माणसाच्या कपाळावर आकडा चिकटवण्याची सोय करून घेतली. मदतीसाठी बनवलेले साधन निवाड्यासाठी वापरले जाऊ लागले. नागपूरच्या मैदानावर बॅट घेऊन उभा असलेला मुलगा त्या वेळी जे शिकत होता, ते मोजण्याची कोणतीही पट्टी त्या चाचणीत नव्हती.

तो काय शिकत होता? वाचायला शिकत होता, असे मी म्हणेन. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधील अंतर 22 यार्ड, म्हणजे सुमारे वीस मीटर. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापाशी पोहोचतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. राहिलेल्या वेळात पाय हलवायचे, बॅट फिरवायची, आणि तीही योग्य दिशेला! तेव्हा जो फलंदाज चेंडू जवळ आल्यावर विचार करू लागेल, तो बादच व्हायचा. चांगला फलंदाज गोलंदाजाचे मनगट, खांदा, पाऊल, बोटांची पकड हे सारे चेंडू सुटण्यापूर्वीच वाचतो. आपण जसे एकेक अक्षर न जुळवता संपूर्ण शब्द एका नजरेत ओळखतो, तसेच हे आहे. ही साक्षरता गिरवून गिरवूनच येते. ती जन्मजात देणगी असती, तर सरावाला अर्थच उरला नसता.

1916 साली मुंबईच्या सुप्रसिद्ध सामन्यांत हिंदू संघाकडून सी. के. पहिल्यांदा उतरले. संघाची अवस्था बिकट होती आणि फलंदाजीच्या क्रमात ते बरेच खाली होते. पहिले तीन चेंडू त्यांनी नुसते अडवले आणि चौथा षटकारासाठी उचलला, अशी हकीगत क्रिकेटचे जाणकार आजही आवडीने सांगतात. लोकांच्या लक्षात राहतो तो षटकार. मला मात्र महत्त्वाचे वाटतात ते आधीचे तीन चेंडू. त्या तीन चेंडूंत त्या तरुणाने गोलंदाज वाचून घेतला होता.

1923 साली होळकर संस्थानाच्या अधिपतींनी त्यांना इंदूरला बोलावले आणि आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल झाले आणि इंदूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. तीन वर्षांनी आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ भारतात आला. डिसेंबर 1926 मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. यांनी 116 मिनिटांत 153 धावा केल्या. त्यात 11 षटकार होते. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदी माणूस हा खेळ साहेबांच्या बरोबरीने खेळू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी हजारो लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दोन वर्षांनी, 1928 साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि 1932 साली भारत कसोटीच्या मैदानात उतरला.

या 1932 च्या दौऱ्याची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. संघाचा कर्णधार कोण? पोरबंदरचे महाराज. उपकर्णधार कोण? लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी. ही निवड खेळावरून नव्हे, तर कुळावरून झालेली होती. सुदैवाने महाराजांना आपली मर्यादा ठाऊक होती. त्यांनी कसोटीतून माघार घेतली. उपकर्णधार दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत, आणि 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सवर भारताचे पहिले कर्णधारपद सी. के. यांच्याकडे आले. संघातील काहींना ते रुचले नव्हते, तरी त्यांनी सूत्रे हाती घेतली. निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 अशी करून टाकली. क्षेत्ररक्षण करताना कर्णधाराच्याच हाताला इजा झाली. त्याच दुखऱ्या हाताने त्यांनी 40 धावा काढल्या आणि पहिल्या डावात भारताकडून त्याच सर्वाधिक ठरल्या. सामना 158 धावांनी हरला, पण हार मानण्यासारखी ती हार नव्हती. त्या दौऱ्यात सी. के. सर्वच्या सर्व 26 प्रथम दर्जाचे सामने खेळले, 1618 धावा केल्या आणि 65 बळी घेतले. मॅटिंगच्या खेळपट्टीवर वाढलेल्या माणसाने इंग्लंडची ओली हिरवळ एका उन्हाळ्यात वाचून काढली. विस्डेनने 1933 च्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांची गणना केली. भारताकडून खेळणाऱ्या क्रिकेटपटूला हा मान प्रथमच मिळाला.

इतके झाल्यावर 1936 च्या दौऱ्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच यायला हवे होते. पण ते गेले विजयनगरच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझी यांच्याकडे. कुळ, पैसा आणि वशिला यांनी केलेली ही दुसरी निवड. खोटे प्रमाणपत्र केवळ विद्यापीठातच चालते असे नाही! तो दौरा गटबाजीने गाजला. सी. के. यांनी मात्र आपले उत्तर बॅटने दिले. ओव्हलवरील शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा उसळता चेंडू लागून ते कळवळले, तरी खेळत राहिले आणि 81 धावा केल्या. कसोटी क्रिकेटमधील तीच त्यांची सर्वोच्च धावसंख्या आणि तीच त्यांची अखेरची कसोटी. सात कसोट्यांत 350 धावा, एवढीच त्यांची कसोटीतील जमा. केवळ आकडे पाहणारा परीक्षक त्यांना कदाचित दुसऱ्या वर्गातच बसवील.

परंतु त्यांच्या बुद्धीचा आणखी एक पैलू इंदुरात दिसला, तो म्हणजे माणसे वाचण्याचा. मुश्ताक अली हा इंदूरचा मुलगा शाळकरी वयातच त्यांच्या नजरेत भरला. जानेवारी 1934 मध्ये कलकत्त्याच्या कसोटीत तो सी. के. यांच्या हाताखाली उतरला, तेव्हा तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून ओळखला जात होता. अडीच वर्षांनी मँचेस्टरला सलामीला जाऊन त्याने 112 धावा केल्या आणि परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय ठरला. होळकर संघातील बाकीचे गडीही एकमेकांहून किती निराळे! चंदू सरवटे कायद्याचे पदवीधर आणि पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. भाऊसाहेब निंबाळकर 443 नाबादचा विक्रम करणारे. हिरालाल गायकवाड तासन्तास एका टप्प्यावर चेंडू टाकणारे. कोणी शिकलेला, कोणी बेताचा शिकलेला. या सर्वांना एका मापाने न मोजता प्रत्येकाकडून त्याचेच काम करून घेणे, हे बुद्धीचे काम नाही असे कोण म्हणेल?

फळही तसेच मिळाले. 1944-45 पासून 1952-53 पर्यंतच्या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना 1945-46 चा उपान्त्य सामना आठवून कदाचित आजही हळहळ वाटेल. इंदूरच्या मैदानावर होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावा करून डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतके! त्यांतील एक खुद्द पन्नाशीच्या कर्णधाराचे, 101 धावांचे. पुढे बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी 200 धावा काढल्या. ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब करू लागतात, त्या वयात!

त्यांच्या शिस्तीविषयी मात्र सर्वांचे एकमत नव्हते. ते कठोर होते. आळस, ढिले क्षेत्ररक्षण आणि दुखण्याचे अवडंबर त्यांना खपत नसे. छप्पन्नाव्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांच्या चेंडूने त्यांचे दोन दात पडले, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत, असे सांगतात. अशा माणसाच्या हाताखाली खेळणे सोपे नसणार. स्वतःला सहज जमते ते दुसऱ्याला का जमू नये, हे न उमजणे हा थोर माणसांचा एक दोष असतो. सी. के. त्याला पूर्णपणे अपवाद होते, असे म्हणवत नाही.

1956 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यानंतरच्या हंगामात, साठी ओलांडूनही, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूरलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंसाठी करंडक सुरू झाला, आणि 1994 पासून नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जाऊ लागला. होळकर संघ 1955 नंतर उरला नाही. पण 2022 साली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा इंदूरच्या जुन्या माणसांना होळकरांचे ते दिवस आठवले असतील.

1983 साली हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धी एक नसून अनेक आहेत, असे मत मांडले. भाषेची, गणिताची, संगीताची, अवकाशाची, शरीराची, दुसऱ्याचे मन जाणण्याची आणि स्वतःला ओळखण्याची, अशा सात बुद्धी त्याने सांगितल्या. या मताविषयी मानसशास्त्रज्ञांत आजही वाद आहे. या खरोखर स्वतंत्र बुद्धी आहेत, की एकाच बुद्धीच्या शाखा, हे सर्वांना पटेल असे सिद्ध झालेले नाही. तो वाद विद्वानांनी मिटवावा. आपल्यापुरते एवढे पुरे आहे, की जे परीक्षेत मोजले जात नाही ते नसतेच, असे समजणे चूक आहे. रस्त्याकडेला बसून कागदाविना हिशेब करणारी भाजीवाली, आवाजावरून यंत्रातला दोष ओळखणारा मेस्त्री, आभाळ पाहून पेरणीचा दिवस ठरवणारा शेतकरी, हे सारे वाचतच असतात. त्यांचे पुस्तक निराळे, एवढेच.

मात्र याचा अर्थ मैदानावर जाणाऱ्याने पुस्तक मिटून ठेवावे, असा कोणी घेऊ नये. सी. के. यांच्या घरीच त्याचे उत्तर आहे. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू या इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांत त्यांची गणना होते. वडिलांनी जे डोळ्यांनी आणि मनगटाने वाचले, ते मुलीने शब्दांत सांगितले. दोन्ही साक्षरता एकाच छपराखाली सुखाने नांदू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर निकाल लागेल, तेव्हा मागच्या दाराने जाणाऱ्या त्या मित्राला कोणीतरी हाक मारावी. अनुत्तीर्ण झालेला विषय त्याने पुन्हा अभ्यासावा, हे खरेच. पण ज्या विषयात तो पहिला आला आहे, त्याचे नावही त्याला कोणीतरी सांगायला हवे. ते काम गुरुजनांचे आहे, आणि आपणा सर्वांचेही.