नकोसं उत्तर देणारा सल्लागार : पॅट्रिक ब्लॅकेट

‘ऑपरेशन्स रिसर्च’ म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या मंडळींना सिम्प्लेक्स मेथडचे लांबच लांब तक्ते आठवतात आणि उरलेल्या निम्म्यांना एटीकेटी! पण मित्रांनो, हा विषय काही परीक्षेसाठी जन्माला आलेला नाही. तो जन्माला आला युद्धात, तोफांच्या शेजारी आणि पाणबुड्यांच्या भीतीत. त्याला ज्यांनी वाढवलं त्यांतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे पॅट्रिक ब्लॅकेट. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात याचं नाव एका ओळीत येतं आणि आपण पान उलटतो. मी त्या ओळीपाशी थांबलो, थोडं वाचलं आणि या माणसाच्या प्रेमातच पडलो. नोबेल मिळालं म्हणून नव्हे. सरकारला नको असलेला आकडा सरकारच्याच टेबलावर ठेवण्याची हिंमत त्याच्यात होती, म्हणून.

ब्लॅकेटचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ चा, लंडनमधला. आपण सातवी-आठवीत असतो त्या वयात त्याला नौदलाच्या शाळेत घातलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. १९१४ ची फॉकलंडची लढाई आणि १९१६ ची जटलंडची लढाई या दोन्ही त्याने युद्धनौकेवरून पाहिल्या. युद्ध संपल्यावर नौदलाने राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्याला केंब्रिजला पाठवलं. तिथे कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पाहिली आणि गडी नौदलाची नोकरी सोडून चक्क फिजिक्सला लागला!

गुरू मिळाले रदरफर्ड. नायट्रोजनच्या अणुकेंद्रावर अल्फा कण आदळला की नेमकं काय होतं याचे क्लाउड चेंबरमध्ये फोटो काढायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने सुमारे २३ हजार फोटो काढले. त्यांत चार लाखांहून जास्त कणांच्या रेषा होत्या आणि हवी तशी रेषा सापडली फक्त आठ ठिकाणी! आपण प्रॅक्टिकलला तीन रीडिंग घेतो आणि चौथं ‘अॅडजस्ट’ करतो, तेव्हा या आठ रेषा जरूर आठवाव्यात. पुढे १९४८ चं नोबेल त्याला क्लाउड चेंबरवरच्या कामासाठीच मिळालं. (२०२३ च्या ‘ओपनहायमर’ सिनेमात हिरो ज्या गुरुजींच्या टेबलावर विषारी सफरचंद ठेवतो, ते हेच ब्लॅकेट.)

पण त्याची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती सुरू होते १९३५ साली. जर्मनीचं विमानदळ वाढत होतं आणि बॉम्बफेकी विमानांना अडवायचं कसं, हे ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाला कळत नव्हतं. म्हणून हेन्री टिझार्ड यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची एक छोटी समिती नेमली गेली. ब्लॅकेट तिचा सभासद होता. रेडिओ लहरींनी शत्रूचं विमान पाडता येईल का, असा प्रश्न मंत्रालयाने विचारला होता. पाडता येणार नाही, पण शोधता येईल, असं उत्तर आलं. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ त्याची चाचणी झाली आणि त्यातून रडार उभं राहिलं. १९४० मध्ये ब्रिटन वाचलं त्यात या रडारचा वाटा फार मोठा.

याच समितीत ब्लॅकेटची गाठ पडली फ्रेडरिक लिंडमन यांच्याशी. हे चर्चिलचे जवळचे मित्र. रडारला पहिला नंबर द्यायचा की दुसऱ्या कल्पनांना, यावरून इतके खटके उडाले की १९३६ मध्ये ब्लॅकेट आणि ए. व्ही. हिल यांनी सरळ राजीनामे दिले. मग समिती मोडून लिंडमनशिवाय पुन्हा बांधली गेली. ही फेरी ब्लॅकेटने जिंकली. पुढच्या फेऱ्या इतक्या सोप्या नव्हत्या.

१९४० च्या उन्हाळ्याअखेर लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. विमानविरोधी तोफांचे प्रमुख जनरल पाइल यांनी ब्लॅकेटला मदतीला बोलावलं. त्याने जी टोळी जमवली ती बघण्यासारखी होती. शरीरशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, एक खगोल-भौतिकीवाला, एक सर्व्हेअर आणि सोबत एक लष्करी अधिकारी. लोक त्यांना ‘ब्लॅकेटची सर्कस’ म्हणायचे. ही मंडळी ऑफिसात बसून राहिली नाहीत. थेट तोफांपाशी गेली, रडारवरून मिळणारी माहिती तोफेपर्यंत कशी पोचते ते पाहिलं आणि सोपे उपाय काढले. सुरुवातीला एक विमान पाडायला साधारण २० हजार गोळे लागत. १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत हा आकडा ४ हजारांवर आला. नवीन तोफ एकही नाही बरं का!

यातला एक किस्सा मला फार आवडतो. किनाऱ्यावरच्या तोफखान्यांना एका विमानामागे आतल्या भागातल्या तोफखान्यांच्या निम्मेच गोळे लागतात, असं आकडे सांगत होते. मग तर्क लढवणं सुरू झालं. किनाऱ्यावरचे तोफची जास्त तयारीचे आहेत का? रडार समुद्रावर जास्त चांगलं चालतं का? उत्तर भलतंच निघालं. आत पाडलेल्या विमानाचे अवशेष मोजता येत होते. समुद्रात पडलेलं विमान मोजणार कोण? थोडक्यात, किनाऱ्यावरचे दावेच फुगलेले होते! आकडा हातात आला की आधी विचारायचं, हा मोजला कोणी आणि कसा.

मार्च १९४१ मध्ये ब्लॅकेट कोस्टल कमांडकडे गेला. काम होतं विमानातून पाणबुड्या बुडवायचं. पाण्यात टाकायचे डेप्थ चार्ज तेव्हा १०० फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. कारण पटण्यासारखं होतं. विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारते आणि विमान डोक्यावर येईपर्यंत सरासरी तेवढी खोल जाते. ब्लॅकेटच्या गटातल्या ई. जे. विल्यम्स यांनी यातली मेख शोधली. जी पाणबुडी एवढी खोल गेली, ती नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला ठाऊकच नसतं. तिच्यावरचा नेम तसाही चुकणार. जी अजून वर दिसते आहे तिच्यावर नेम बसतो, पण चार्ज तिच्या फार खाली फुटतो! म्हणून खोली टप्प्याटप्प्याने २५ फुटांवर आणली. पाणबुड्या इतक्या जास्त बुडू लागल्या की ब्रिटिशांनी नवीन जबरदस्त स्फोटक काढलंय, अशी जर्मनांची समजूत झाली. सरासरी म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

१९४२ च्या जानेवारीत तो नौदलाच्या मुख्यालयात आला. तिथला गाजलेला निष्कर्ष म्हणजे जहाजांचे ताफे मोठे करा. ऐकायला विचित्र वाटतं. मोठा ताफा म्हणजे मोठं लक्ष्य! पण भूमिती पाहा. जहाजांची संख्या क्षेत्रफळाबरोबर वाढते आणि राखण करायची असते परिघाची, जो फार हळू वाढतो. शिवाय ताफा लहान असो की मोठा, एका हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या साधारण तेवढीच होती. आठवीतलं गणित, पण त्यावर हजारो खलाशांचे जीव अवलंबून होते.

आता येते ती फेरी, जी ब्लॅकेट हरला. लिंडमन तोवर लॉर्ड चेरवेल आणि पंतप्रधान चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले होते. ३० मार्च १९४२ ला त्यांनी चर्चिलना एक टिपण दिलं. जर्मन शहरांतल्या कामगारांच्या घरांवर बॉम्ब टाकले तर लाखो लोक बेघर होतील आणि जर्मनी खचेल, असा त्याचा हिशेब. टिझार्डनी तो हिशेब तपासला आणि अंदाज पाचपट जास्त आहे असं सांगितलं. ब्लॅकेटच्या मते तो सहापट जास्त होता. त्याने आणखी एक तुलना मांडली. लांब पल्ल्याचं एक विमान त्याच्या साधारण ३० उड्डाणांच्या आयुष्यात अटलांटिकवर वापरलं तर निदान अर्धा डझन व्यापारी जहाजं वाचतात. तेच विमान बर्लिनवर पाठवलं तर काही घरं पडतात आणि काही सामान्य माणसं मरतात, बस्स. धोरण मात्र चेरवेल यांच्या बाजूने ठरलं. प्रत्यक्षात जर्मनीचं शस्त्रउत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच राहिलं. शहरं जळाली, माणसं गेली आणि बॉम्बफेकी विमानांतले हजारो तरुण परत आले नाहीत.

युद्ध संपल्यावर पंतप्रधान ॲटली यांच्या अणुऊर्जा सल्लागार समितीत ब्लॅकेट होता. ब्रिटनने अणुबॉम्ब बनवू नये, असं त्याने १९४५ मध्ये लिहून दिलं. तसं लिहिणारा तो जवळजवळ एकटाच. सल्ला बाजूला ठेवला गेला आणि हळूहळू सल्लागारही. जानेवारी १९४७ मध्ये ॲटलींनी मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त बैठकीत बॉम्बचा निर्णय घेतला.

आणि त्याच जानेवारीत ब्लॅकेट होता कुठे? दिल्लीत! इंडियन सायन्स काँग्रेसला आला होता. तिथे त्याची आणि नेहरूंची गाठ पडली, संरक्षणावर बोलणं झालं आणि लंडनला नकोसा झालेला सल्लागार दिल्लीला हवासा वाटला. १९४८ मध्ये त्याने आपल्या संरक्षण मंत्रालयाला अहवाल दिला. मुद्दा साधा होता. लढाऊ जेटसारख्या ज्या शस्त्रांत शत्रूपेक्षा सरस असावंच लागतं, त्यांच्या शर्यतीत गरीब देशाने लगेच उतरू नये. तोफा, वाहतुकीची विमानं अशा गोष्टींवर आधी भर द्यावा आणि अण्वस्त्रांच्या नादी लागू नये. मंत्र्यांजवळ कायमचा एक वैज्ञानिक सल्लागार असावा, असंही त्याने सांगितलं. त्या जागी आले डॉ. दौलतसिंग कोठारी, मेघनाद साहांचे विद्यार्थी. १९६१ पर्यंत ते तिथे होते. त्या कामातूनच १९५२ मध्ये पुण्याला खडकीत शस्त्रास्त्रविद्येची संस्था निघाली (आज गिरीनगरला आहे ती डी.आय.ए.टी.) आणि १९५८ मध्ये डी.आर.डी.ओ. उभं राहिलं. आपल्यातले कितीतरी जण तिथल्या इंटर्नशिपसाठी धडपडतात, पण पाया कोणाच्या सल्ल्यावर घातला गेला हे ठाऊक नसतं.

पुढे मान मिळाला. १९६५ ते १९७० तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, १९६९ मध्ये लॉर्डही झाला. १८ मे १९७४ ला भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि १३ जुलै १९७४ ला ब्लॅकेट गेला. म्हणजे भारतानेही त्याचा तो एक सल्ला शेवटी मानला नाही. चूक की बरोबर, यावर आपल्या होस्टेलवर रात्रभर वाद होईल आणि व्हावाही. मला स्वतःला वाटतं की १९४८ चा सल्ला १९४८ च्या तिजोरीकडे बघून दिलेला होता, आणि तेव्हा तो बरोबर होता.

पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. निर्णय घ्यायचा अधिकार मंत्र्याचा, कारण त्याला लोकांनी निवडून दिलेलं असतं. सल्लागाराच्या हातात फक्त हिशेब असतो. ऐकलं जाणार नाही हे दिसत असतानाही तो खरा मांडायचा, इतकंच त्याचं काम. उद्या आपण कुणी कारखान्यात, कुणी सरकारी खात्यात बसू. कधीतरी साहेबाला हवा तो आकडा काढून द्यायची वेळ येईलच. तेव्हा साहेबाचा चेहरा न बघता आधी आकडा बघायचा. बाकी निर्णय त्यांचा, पण सही आपली असते!