हिरोशिमा बघून आलेल्या माणसानं गॉडझिला बनवला आणि पुढं त्याच गॉडझिलाचा पोरखेळ झालेलाही बघितला

नांदेड, हिंगोली, लातूरच्या पट्ट्यात अधूनमधून जमिनीखालून गूढ आवाज येतो. भांडी वाजतात, माणसं पोराबाळांना घेऊन घराबाहेर येऊन थांबतात. ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते, त्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही. दिसत काहीच नाही, नुसता आवाज असतो आणि भीती त्या आवाजाचीच असते.

१९५४ च्या पहिल्या ‘गॉडझिला’ सिनेमात नेमकं हेच आहे. ओडो नावाच्या बेटावर वादळी रात्र असते, दणादण पावलं वाजतात, घरं चिरडली जातात, पण चिरडणारं धूड काही धड दिसत नाही. आज गॉडझिला म्हटलं की किंग काँगशी मारामारी करणारा अवाढव्य प्राणी डोळ्यासमोर येतो. तो ज्यानं पहिल्यांदा पडद्यावर आणला त्या दिग्दर्शकाचं नाव मात्र आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं.

त्याचं नाव इशिरो होंडा. गाड्यांच्या होंडाशी याचा काही संबंध नाही.

होंडाचा जन्म ७ मे १९११ चा, जपानच्या यामागाता भागातल्या एका खेड्यातला. वडील बौद्ध भिक्खू. पोराला सिनेमाचं वेड लागलं आणि १९३३ मध्ये तो एका स्टुडिओत कामालाही लागला. हाच स्टुडिओ पुढं तोहो कंपनीत सामील झाला. अकिरा कुरोसावा त्याचा तिथला जिवलग दोस्त. दोघंही सहाय्यक म्हणून राबत होते. पण कुरोसावा दिग्दर्शक होऊन नाव कमवत असताना होंडा मात्र सैन्यात होता. एकदा नाही, तीनदा त्याला बोलावणं आलं. उमेदीची कितीतरी वर्षं चीनच्या आघाडीवर गेली, शेवटी चिन्यांच्या कैदेतही राहावं लागलं.

१९४६ मध्ये तो मायदेशी परतला. टोकियोला जाताना वाटेत हिरोशिमा लागलं. अणुबॉम्ब पडून अजून वर्षही झालं नव्हतं. शहर म्हणून तिथं काही उरलेलंच नव्हतं. ते दृश्य त्याच्या डोक्यातून कधीच गेलं नाही.

आता १९५४ कडं येऊ. १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. जवळच्या समुद्रात ‘डायगो फुकुर्यू मारू’ नावाची जपानी मासेमारी बोट होती, तिच्यावर २३ जण. सगळ्यांवर किरणोत्सारी राख पडली. त्यातला एक सप्टेंबरमध्ये वारला. जपानभर मासे खायचीही भीती बसली. त्याच दिवसांत तोहोचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियातला एक सिनेमा फिसकटला होता आणि त्याच्या जागी काहीतरी उभं करायची घाई होती. अणुचाचण्यांनी जागा झालेला समुद्रातला राक्षस, ही कल्पना तिथून आली आणि दिग्दर्शनाची जबाबदारी होंडाकडं.

होंडानं राक्षसाकडं बॉम्ब म्हणूनच बघितलं. सिनेमाची सुरुवात एका बोटीनं होते, लख्ख उजेड पडतो आणि बोट पेटते. हे काय आहे, ते जपानी प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरजच नव्हती. इस्पितळात माणसं दाटीवाटीनं पडलेली आहेत, लहान पोराच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र धरलं जातंय, ही दृश्यं राक्षसपटात कुणी घालत नाही. होंडानं घातली.

तंत्राची बाजू एइजी त्सुबुराया यांची. ‘किंग काँग’सारखा बाहुला इंच इंच हलवून चित्रित करायला वेळ नव्हता, म्हणून माणसालाच राक्षसाचा पोशाख घातला. पहिला पोशाख जवळपास १०० किलोचा होता, आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट, वर स्टुडिओचे तापलेले दिवे. आणि ती डरकाळी? संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली.

३ नोव्हेंबर १९५४ ला सिनेमा लागला. काही समीक्षकांनी नाकं मुरडली, पण ९६ लाख तिकिटं खपली. दोन वर्षांनी अमेरिकेनं तो घेतला, अणुबॉम्बचा बराचसा भाग छाटला आणि रेमंड बर नावाचा आपला नट मध्ये बसवला. जगभर गाजला तो हाच कापलेला गॉडझिला.

इथून मालिका सुटली. १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’नं एक कोटीच्या वर प्रेक्षक खेचले. दिग्दर्शक होंडाच. पण कंपनीला आता भीती नको होती, गंमत हवी होती. घरोघरी टीव्ही आला होता, थिएटरला उरली होती ती लहान पोरं. १९६५ च्या सिनेमात तर गॉडझिला परक्या ग्रहावर उड्या मारत नाच करतो. होंडाला हे रुचत नव्हतं, पण तो पगारी माणूस होता. सांगितलेलं काम तो नीट करायचा. त्याच्या भल्या स्वभावाचा हा तोटा म्हणायचा.

जानेवारी १९७० मध्ये त्सुबुराया गेले. पैसे आटले, जुन्या सिनेमांतले तुकडे जोडून नवे सिनेमे निघायला लागले. शहरं चिरडणारा गॉडझिला आता पोरांचा वाली झाला होता. होंडा बाजूला झाला होता, टीव्हीची कामं करत होता. १९७५ मध्ये त्याला ‘टेरर ऑफ मेकागॉडझिला’साठी परत बोलावलं. सिनेमा त्यानं पुन्हा गंभीर केला, पण १० लाख तिकिटंही खपली नाहीत. मालिकेतला तो नीचांक ठरला. दुकान नऊ वर्षं बंद झालं, ते १९८४ मध्ये उघडलं आणि तेव्हा दिग्दर्शक दुसरा होता.

दिग्दर्शक म्हणून होंडाचा तो शेवटचा सिनेमा. पण घरी बसायच्या वयात त्याला जुन्या दोस्तानं हाक मारली. ‘कागेमुशा’पासून पुढं कुरोसावाच्या पाचही सिनेमांत तो सोबत राहिला. कितीतरी सिनेमे स्वतः केलेला माणूस साठी उलटल्यावर पुन्हा मदतनीस झाला, तेही आनंदानं. दोघांचा शेवटचा सिनेमा ‘मादादायो’. तो एप्रिल १९९३ मध्ये लागला, होंडा २८ फेब्रुवारीलाच गेला होता.

२०२४ मध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, या मालिकेला मिळालेलं पहिलंच. त्याचा नायक युद्धावरून बेचिराख टोकियोत परततो.