शंकर बाळकृष्ण दीक्षित : वाराचा पडताळा

इंदूरहून सांवेर रोडने उत्तरेस निघाले की वाट सांवेर गावावरून उज्जयिनीस जाते. आपल्या जुन्या ज्योतिषांनी मध्यरेषा या उज्जयिनीवरूनच धरली व दिवसांची मोजणी तिच्या आधारे केली. येणारा गुरुवार कोणत्या तारखेस, हे आपण बोटांवर सांगतो. परंतु पंधराशे वर्षांपूर्वीची एखादी तिथी गुरुवारी होती की नाही, हे कसे ठरवावे? ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ठरवून दाखविले.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. शाळा सांभाळून त्यांनी ज्योतिषाचा व्यासंग केला.

त्या काळी गुप्त संवत् केव्हा सुरू झाला, यावर विद्वानांत वाद होता. इ. स. ३१९-२० हा आरंभ काहींना अमान्य होता. ते तो दीडशे वर्षांहून अधिक मागे नेत. त्यामुळे समुद्रगुप्ताचा काळच अधांतरी राहिला होता. कानडी मुलखातील राजघराण्यांचा इतिहास लिहिणारे फ्लीट साहेब तेव्हा गुप्तांचे लेख तपासत होते. सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काल कोरलेला आहे. वर्ष चुकीचे धरले, तर वारही बहुधा चुकणार! हे गणित दीक्षितांनी केले.

रीत सोपी, पण कष्टाची. कलियुगारंभापासून लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, काढून त्यास सातने भागावयाचे. कलियुगाचा पहिला दिवस शुक्रवार. म्हणून बाकी शून्य आल्यास शुक्रवार, एक आल्यास शनिवार. ३१९-२० हा आरंभ धरता ती तिथी २१ जून ४८४ रोजी येते. त्या दिवसाचा अहर्गण १३,०९,५४५. बाकी सहा, म्हणजे गुरुवार! वार जुळला. १८८८ साली फ्लीट यांच्या ग्रंथात हे गणित छापले गेले.

पुढे १८९६ साली दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आणि रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ प्रसिद्ध झाले. १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

आज जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य धरतात, म्हणजे गुरुवार चार. चारात सात मिळवून आजच्या वाराचा अंक वजा करावा व सातने भागावे. बाकी येईल तितक्या दिवसांनी गुरुवार. बाकी शून्य, तर तो आजच. विद्यार्थिमित्रांनो, हे गणित क्षणात होते. पण याच बाकीने एका राजवंशाचा काळ पक्का केला, आणि तो एका शाळामास्तराने केला, याचा विसर न पडावा.