फ्रेडरिक डग्लस : अक्षराने तोडलेली बेडी

अमेरिकेतील गुलामगिरी अब्राहम लिंकनने संपवली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांनी स्वतः काय केले, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

डग्लस यांचा जन्म १८१८ च्या सुमारास मेरीलँड राज्यात एका गुलाम आईच्या पोटी झाला. आपली नेमकी जन्मतारीख त्यांना आयुष्यभर कळली नाही. आई दूरच्या मळ्यावर राबायची. दिवसभराचे काम उरकून ती रात्री बारा मैल चालत लेकराला भेटायला यायची. ते सातेक वर्षांचे असताना तीही गेली.

पुढे त्यांना बाल्टिमोर शहरात एका घरी पाठवले गेले. तिथल्या मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याने ते तत्काळ बंद केले. वाचायला शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही, हे त्याला ठाऊक होते. पोराने नेमके तेच ध्यानात धरले! गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे मिळवली. बाराव्या वर्षाच्या सुमारास पन्नास सेंट देऊन भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. ज्ञानबंदी हाच गुलामीचा पाया असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१८३४ मध्ये त्यांना वठणीवर आणण्यासाठी एडवर्ड कोव्ही नावाच्या क्रूर शेतकऱ्याच्या हवाली केले गेले. कित्येक महिने फटके खाल्ल्यावर सोळा वर्षांच्या डग्लस यांनी त्याच्याशी दोन हात केले. त्यानंतर कोव्हीने त्यांना पुन्हा फटके मारले नाहीत. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेशात, उसन्या कागदपत्रांवर ते रेल्वेने निसटले. अॅना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीने त्यासाठी आपली पुंजी दिली. पुढे दोघांनी लग्न केले.

१८४५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्यात मालकाचे नाव उघड केल्याने पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना आयर्लंड व ब्रिटनला जावे लागले. त्यांची भाषणे ऐकायला तिथे सभागृहे भरत होती, पण अमेरिकेच्या कायद्याने ते अजून कोणाची तरी मालमत्ताच होते. १८४६ मध्ये स्नेह्यांनी १५० पौंड भरून त्यांची कायदेशीर सुटका केली. परतल्यावर १८४७ मध्ये त्यांनी ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे वृत्तपत्र काढले. १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत स्त्रियांच्या मताधिकारालाही त्यांनी ठाम पाठिंबा दिला.

वकील म्हणून आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची घटनेविषयीची भूमिका. त्यांचे गुरुस्थानी असलेले गॅरिसन राज्यघटनेला गुलामगिरीचा करार मानत. १८५४ मध्ये तर त्यांनी तिची प्रत जाहीरपणे जाळली. डग्लस मात्र १८५१ पासून वेगळ्या मताचे झाले. घटनेत गुलाम हा शब्द नाही, तिची उद्देशिका लोकांच्या नावाने बोलते, केवळ गोऱ्यांच्या नावाने नव्हे. मग हे शस्त्र मालकांच्या हाती का सोडायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांत डग्लस यांचे दोन मुलगेही होते. या सैनिकांना पगार कमी मिळतो, हे गाऱ्हाणे त्यांनी १८६३ मध्ये थेट लिंकन यांच्यापुढे मांडले. १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व आणि १८७० मध्ये पुरुषांना मताधिकार मिळाला. याच काळात, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला.

पण लढा संपला नव्हता. खाणावळी, रेल्वे, नाट्यगृहे यांतील भेदभावाला बंदी घालणारी १८७५ च्या कायद्याची कलमे १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पासष्टीतले डग्लस त्या निकालाविरुद्ध उभे राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. शाळांपुरते ते तत्त्व मोडायला १९५४ साल उजाडले.

हक्क घटनेत लिहिले गेले म्हणजे ते कायमचे पदरात पडले, असे नाही. मिळालेले कलम वाचणारी, त्याचा अर्थ लावणारी आणि ते हिरावले जाताना रस्त्यावर व न्यायालयात उभी राहणारी माणसे प्रत्येक पिढीत लागतात. पाव देऊन अक्षर मिळवणाऱ्या त्या पोराचे जीवन आपल्याला हेच शिकवते.