गियोम द्युशेन
गियोम-बेंजामिन-आमां द्युशेन (जन्म : बुलोन-स्यूर-मेर, १७ सप्टेंबर, १८०६, मृत्यू : पॅरिस, १५ सप्टेंबर, १८७५) हे फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ होते. त्वचेला छेद न देता ठरावीक स्नायूपर्यंत विद्युत् प्रवाह पोहोचविण्याची पद्धती त्यांनी विकसित केली. आधुनिक विद्युत्-उपचाराच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते. मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या एका आनुवंशिक स्नायुविकारास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन
द्युशेन यांचे घराणे दर्यावर्दी होते. त्यांनी मात्र वैद्यकाची वाट धरली. पॅरिसमध्ये द्युपुइत्रां, माजांदी आदींच्या हाताखाली शिकून १८३१ मध्ये ते पदवीधर झाले व गावी परतून व्यवसाय करू लागले. १८३३ मध्ये त्यांच्या पत्नीचे बाळंतरोगाने निधन झाले. प्रसूतीच्या वेळी ते एकटेच जवळ असल्यामुळे सासूने त्यांच्यावर ठपका ठेवला. गावात प्रवाद पसरले आणि मुलगा एमील त्यांना अनेक वर्षे दुरावला.

१८४२ मध्ये ते पॅरिसला आले. तेथे त्यांना रुग्णालयातील नेमणूक वा अध्यापनाचे पद कधीच मिळाले नाही. आपले विद्युत् यंत्र घेऊन ते सालपेत्रियेरसह निरनिराळ्या रुग्णालयांत जात आणि तेथील रुग्ण तपासत. त्यांच्या ग्रामीण वळणाची प्रारंभी थट्टा झाली. पुढे प्रख्यात शार्को त्यांना आपले गुरू मानीत. उतारवयात एमील वैद्य होऊन त्यांच्याबरोबर काम करू लागला, परंतु विषमज्वराने तो वडिलांच्या आधीच मरण पावला.

विद्युत्-उपचार
त्या काळी स्नायूंत सुया खुपसून वीज दिली जाई. त्यामुळे ऊतींना इजा होई. द्युशेन यांनी सुयांऐवजी त्वचेवर टेकविण्याचे इलेक्ट्रोड वापरले व फॅराडे यांच्या शोधावर आधारलेल्या प्रवर्तित प्रवाहाची निवड केली. या पद्धतीस त्यांनी फॅराडे यांच्यावरूनच नाव दिले. त्वचा व इलेक्ट्रोड ओले असल्यास प्रवाह खोल जाऊन स्नायू आकुंचन पावतो. दोन्ही कोरडे असल्यास तो त्वचेतच राहून तीव्र संवेदना निर्माण करतो, हे त्यांचे निरीक्षण मूलभूत होते. पहिला प्रकार ते पक्षाघातात निदान व उपचार या दोहोंसाठी वापरीत. दुसऱ्यात धातूच्या कुंचल्याने त्वचा उद्दीपित करून चेताशूल, सायटिका व कंबरदुखी यांवर उपचार करीत. हा उपचार स्वतःच बराच वेदनादायक होता. १८५५ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

चेहऱ्याचे स्नायू उद्दीपित करून घेतलेली त्यांची छायाचित्रे १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील मुख्य व्यक्ती चेहऱ्याची संवेदना मंदावलेला एक वृद्ध होता. म्हणूनच तो हे प्रयोग सोसू शकला. डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात यांपैकी काही चित्रे वापरली.

प्रभाव
वेदनाशमनासाठी त्वचेवरून वीज देण्यास सैद्धांतिक आधार १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांताने मिळाला. स्पर्शवाहक जाड चेतातंतू उद्दीपित केल्यास मेरुरज्जूतून वर जाणारे वेदनासंदेश रोखले जातात, असे हा सिद्धांत मानतो. टेन्स या नावाने ओळखली जाणारी आजची लहान यंत्रे याच तत्त्वावर चालतात. फिजिओथेरपीत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी ती प्रचलित असली, तरी परिणामाचा पुरावा अपुरा ठरल्याने ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीवर टेन्स न देण्याची शिफारस केली व व्यायामाला प्राधान्य दिले.